विकणे आहे, दोषांसकट

नापासकाकांनी घर विकायला काढलं तेव्हा ते विकलं जाण्यात एकच अडचण होती, ती म्हणजे स्वतः नापासकाका. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, काकूंना तर लग्नापासून माहीत होतं. फक्त काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नाही. काका पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार पंप त्यांच्या टेबलावर यायचा, काका चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे असं बघायचे की त्या बिचाऱ्या पंपालाच वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय. मग जिथे दोष असेल तिथे ते लाल मेणखडूने एक गोल काढायचे. गोल पडला की पंप नापास. कामगार पाठीमागे त्यांना नापाससाहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर साहेब गेलं, काका आलं, बाकी सगळं तसंच राहिलं. निरोपाच्या समारंभात कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर ते मागे पडतंय हे काकांनी आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं. टाळ्या कमी पडल्या याचं त्यांना अजून आश्चर्य वाटतं.

घर विकायचं कारण होतं काकूंचे गुडघे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू शेवटच्या खाली उतरल्या त्या डॉक्टरांकडे जायला. वर येताना प्रत्येक मजल्यावर त्यांच्यासाठी स्टूल टाकावं लागलं. घरात आल्यावर त्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "आता मला खाली न्याल ते एकदाच." त्यानंतर काकूंचं बाहेरचं जग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीतून बसचा थांबा, शिंप्याची पाटी आणि एका झाडाची वरची अर्धी बाजू एवढं दिसायचं.

अशात काकूंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आमच्या शेजारचं घर रिकामं होतंय. बैठं घर आहे गं! दारातून पाय बाहेर टाकला की रस्ता. मालक थोडे दिवस थांबतो म्हणालेत, पण फार नाही. भाऊजींना म्हणावं, घाई करा."

काकूंनी त्या दिवशी कपाटावर टाकलेल्या चपला काढायला लावल्या, पुसल्या आणि दाराशी ठेवल्या. काकांनी ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता हो. एरवी कोणी काही विकायला काढलं की चार पैसे जास्त कसे मिळतील हे बघतो. काकांनी मात्र आधी साडूला फोन केला. काकूंच्या बहिणीचा नवरा वकील होता, आणि काकांना त्याच्यापुढे नमतं घ्यावं लागणं म्हणजे कडू औषध होतं, पण कायद्याचं काम होतं.

"सोपं आहे," साडू म्हणाले. "घरात काही दोष असेल, तुम्हाला तो माहीत असेल आणि घेणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दिसण्यासारखा नसेल, तर तो तुम्ही सांगितलाच पाहिजे. लपवलात तर उद्या तो कोर्टात खेचेल. पण जे दिसतं ते सांगावं लागत नाही. जिना मोडका आहे, खोली लहान आहे, समोर स्मशान आहे, हे ज्याचं त्याने बघून घ्यायचं."

काकांनी यातला पहिला अर्धा भागच ऐकला. दुसरा अर्धा त्यांनी वकिली पळवाट म्हणून तिथल्या तिथे नापास केला. "दिसतं म्हणजे कोणाला दिसतं?" ते काकूंना म्हणाले. "कारखान्यात माणसं पंपावरून हात फिरवायची आणि म्हणायची, ठीक आहे. भेग हाताखालून जायची. लोकांना काहीही दिसत नाही. त्यांना दाखवावं लागतं."

आणि रविवारी सकाळी नापासकाका मेणखडू घेऊन घरभर फिरले.

बाथरूमच्या दारावरची ओल, गोल. जेवणाच्या टेबलाखालची पोकळ वाजणारी फरशी, गोल. स्वयंपाकघरातला तो प्लग, ज्याला ओल्या हाताने शिवलं की खांद्यापर्यंत मुंग्या येतात, त्याला दोन गोल. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तर एवढी लांब होती की तिच्याभोवती गोल पूर्ण करायला काकांना स्टुलावर चढावं लागलं. छतावर जिथून थेंब पडायचे तिथे त्यांनी गोल काढून वर एक बाण काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "वरून". संध्याकाळपर्यंत घराला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

काकू खुर्चीत बसून बघत होत्या. "अहो, फोटो काढायला जाताना माणूस केस विंचरतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही टकलावर गोल काढून चाललात."

"टक्कल आहे ते आहे," काका म्हणाले. "टोपी घालून विकणं ही लबाडी."

दुसऱ्या दिवशी एजंट आला. बारीक अंगाचा, दोन्ही हातांत दोन फोन, आणि बोलताना तिसऱ्याच कोणाशी तरी बोलतोय असं वाटायचं. दारातून आत आला आणि दोन्ही फोन कानापासून लांब गेले.

"घरात नातवंडं आलीत का हो?"

"नाही."

"मग हे कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो ऐकून एजंटला बसावंसं वाटलं. तो जवळच्या स्टुलावर बसला. स्टुलालाही गोल होता, कारण मोडकं जुनं सामान घराबरोबरच विकायचं ठरलं होतं. ज्या पायाला गोल होता तो पाय बाजूला गेला, एजंट फरशीवर गेला, आणि काका म्हणाले, "बघा. म्हणूनच खूण केली होती."

एजंट उठून कपडे झटकत म्हणाला, "काका, विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर चहा द्यायचा. अख्खा धंदा या दोन वाक्यांवर चालतो." पण काकांनी चाळीस वर्षं धंद्याच्या माणसांना उभं करून नापास केलं होतं, ते याचं काय ऐकणार!

पहिलं गिऱ्हाईक म्हणून बँकेतला एक कारकून बायकोला आणि लहान मुलीला घेऊन आला. काकांनी त्यांना हॉल दाखवला नाही, स्वयंपाकघर दाखवलं नाही, दोष दाखवले. एकेका गोलाशी थांबून हा कधी झाला, कशाने झाला, पुढे कुठपर्यंत जाऊ शकतो हे सगळं सांगितलं. प्लगपाशी आल्यावर त्या बाईने मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. जाताना कारकून दारात घुटमळला.

"एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही एवढं सांगताय, मग सांगत नाही ते काय आहे?"

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभराच्या सचोटीला असं कोणी तोंडावर थप्पड मारली नव्हती. त्यांनी दार लावलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंना गेलं, पण त्या जेवताना खिडकीकडे तोंड करून बसल्या.

दुसरं गिऱ्हाईक शाळामास्तर होते. ते मात्र खूश झाले. प्रत्येक गोलाशी थांबून "वा, छान" म्हणत गेले, आणि शेवटी प्रत्येक गोलामागे किंमत कमी करत करत अशा आकड्यावर आले की एजंटने त्यांना हात धरून जिन्यापर्यंत पोचवलं.

आता इमारतीत बोभाटा व्हायला काय वेळ लागतो! जिन्यावरून उतरणारं गिऱ्हाईक प्रत्येक मजल्यावर काहीतरी पुटपुटत जायचं आणि प्रत्येक मजल्यावर दार किलकिलं असायचं. सगळ्यांत आधी वरचे आले. म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ, ज्यांच्या बाथरूमचं पाणी काकांच्या छतातून येत होतं. ते आले ते सरळ छताकडे बघतच आले.

"हे 'वरून' म्हणजे कोण?"

"वर तुम्हीच राहता," काका म्हणाले.

"माझ्यावर गच्ची आहे. गच्चीवर आभाळ आहे. तुम्ही सरळ माझं नाव घेतल्यासारखंच लिहिलंत!"

"पाणी तुमचं आहे."

"पाणी काय माझ्या एकट्याचं आहे? ते उतारावर जातं. तुम्ही खाली राहता हा माझा गुन्हा?" मग वरचे मुद्द्यावर आले. "आणि दोषच काढायला बसलात ना, तर लिफ्टचंही लिहा. कमिटीने लिफ्ट बसवायची ठरवली होती तेव्हा कंपनीच्या माणसाला तासभर उभं करून तुम्हीच नापास केलंत. तार बारीक आहे, दाराचा बोल्ट हलका आहे. तो पुन्हा फिरकला नाही. नाहीतर आज वहिनी लिफ्टने उतरून भाजी आणत्या!"

तार खरंच बारीक होती. पण काका काकूंकडे न बघता आतल्या खोलीत गेले आणि एका गोलाला उगाच दुसऱ्यांदा गिरवत उभे राहिले.

त्यानंतर रांग लागली. घरविक्रीत शेजाराचा त्रासही सांगावा लागतो अशी बातमी कोणीतरी सोडली होती, आणि आपण सांगितले गेलो आहोत की नाही याची जो तो खात्री करून घ्यायला येत होता. समोरच्या बाई आल्या. त्यांचे यजमान भल्या पहाटे अशा गुळण्या करायचे की काकांच्या कपाटातले पेले किणकिणायचे.

"ह्यांच्या गुळण्यांचं सांगितलंत का हो?"

"आवाज सांगावा लागतो," काका म्हणाले.

"त्यांचा घसा नाजूक आहे!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या नळाची गळती आणि माझ्या माणसाचा घसा तुम्ही एका माळेत ओवलात?" त्या दिवसापासून गुळण्या बंद झाल्या नाहीत, मात्र काकूंना दर महिन्याला मिळणारी त्यांच्याकडची मासिकं बंद झाली.

पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ आले ते उलटीच काळजी घेऊन. "आमच्याबद्दल काहीच सांगितलं नाहीत म्हणे?"

"तुमच्यात सांगण्यासारखा दोष नाही."

ते तरंगतच खाली गेले. थोड्या वेळाने त्यांची बायको कमरेवर हात ठेवून वर आली. "काका, ह्यांच्यात दोष नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही राहिलायत का त्यांच्याबरोबर?" तिची समजूत काढता काढता काकांच्या नाकी नऊ आले.

मग कमिटीचं बोलावणं आलं. सेक्रेटरी हा माणूस आवाज न चढवता कोणालाही झोपवू शकायचा. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "काका, आपली इमारत गळत नाही."

"माझ्या डोक्यावर गळते."

"गळत असेल. पण गळत नाही. गेल्या सभेत तसा ठराव झालाय, एकमताने. तुमचाही हात वर होता."

"मी पंखा बंद करा म्हणून हात वर केला होता!"

"ते सभेला कसं कळणार? आता तुम्ही गळती सांगत सुटलात तर बाकीच्यांची घरं मातीमोल होतील. घर विकायला आमची ना-हरकत लागते. भिंती स्वच्छ करा, लगेच देतो."

काकांनी साडूंना विचारलं. साडू म्हणाले, "खुणा पुसल्यात, वर रंग दिलात आणि सांगितलं नाहीत, तर ते दोष लपवणं झालं. न सांगण्यापेक्षा वाईट." म्हणजे पुसलं तर वकील फाशी देणार आणि नाही पुसलं तर सेक्रेटरी विकू देणार नाही. काका पालिकेच्या कचेरीत गेले, की गळती आहे असा सरकारी दाखला घेऊन ठरावाच्या तोंडावर मारावा.

खिडकीतल्या बाबूने सगळं शांतपणे ऐकलं. "गळकी इमारत असा दाखला नसतो. धोकादायक इमारत असा असतो. देऊ?"

"द्या ना!"

"मग इमारत रिकामी करावी लागेल. सगळ्यांना. उद्या माणूस पाठवू का?"

वरचे, गुळण्यावाले, सेक्रेटरी असे सगळे बिऱ्हाड घेऊन रस्त्यावर उभे आहेत हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढून गेलं. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना ते आवडलंही. पण त्या चित्रात काकूही होत्या, जिन्यात, स्टुलावर. काका "पत्ता नंतर देतो" म्हणाले आणि म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने कचेरीबाहेर पडले.

शेवटी गोल पुसायचे आणि तोंडाने सगळं सांगायचं असा तोडगा निघाला. पण मेणखडू लोखंडावर पाण्यातही टिकावा असा बनवलेला असतो. कोणी रॉकेल सुचवलं, कोणी दातांची पेस्ट, वरच्यांनी तर तेजाब पाठवून दिलं, वर चिठ्ठी की "खालून वापरा". रॉकेलने गोल पुसले गेले नाहीत, पसरले. रंगारी आला, त्याने दोन हात दिले, आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगातून गुलाबी चंद्र उगवावेत तसे ते सगळे परत वर आले. "मेण आहे ते," रंगारी ब्रश धुता धुता म्हणाला. "येतच राहणार."

याच वेळी बहिणीचा परत फोन आला. काकांना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "ताई, दुसरं कोणीतरी घर बघून गेलं. मालक म्हणतात, या आठवड्यात काय ते सांगा, नाहीतर देऊन टाकतो. आता मी तरी किती धरून ठेवू?"

काकूंनी फोन ठेवला. रडल्या बिडल्या नाहीत. त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि काकांना तो आवाज माहीत होता म्हणून ते उभेच राहिले.

"तुम्हाला घर विकायचंच नाहीये. तुम्हाला शाबासकी हवीय. येणाऱ्या प्रत्येकाने म्हणावं, काय खरा माणूस! म्हणा हो, मी पण म्हणते. पण मी वर्षं-वर्षं अर्धं झाड बघत बसलेय. त्या झाडाला खाली बुंधा आहे की नाही हेसुद्धा मला आता आठवत नाही. मला ते उरलेलं अर्धं झाड बघायचंय. तुमचा खरेपणा तुम्ही उरावर घेऊन बसा, पण मला आधी खाली न्या."

काकांनी फोन काढून एजंटला लावला आणि म्हणाले, "कोणी असेल तर आण. विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर चहा देईन."

दोन दिवसांनी तिघं आली. मुलगा, सून आणि मुलाची आई. गिऱ्हाईक येणार म्हणून काकू सकाळपासून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, मांडीवर शाल घेतली होती. त्यांची काठी कुठे दिसेना. काकांनी पाहिलं तर ती कपाटामागे ढकललेली होती. ते काकूंकडे बघायला लागले तशा काकू म्हणाल्या, "मला उठवायचं काम सांगू नका. चहा तुम्हीच करा."

मुलगा आणि सून भराभर वर आली. त्यांना घर आवडलं. वारा येतो, उजेड भरपूर आहे, हे दोघंही दोनदा म्हणाली. सुनेने भिंतींवरचे गुलाबी गोल पाहिले आणि तिचा चेहराच खुलला.

"अय्या, हे डिझाइन कोणाकडून करून घेतलंत?"

एजंटला ठसका लागला. काकांनी एक क्षण स्वतःला आवरलं, पण चाळीस वर्षांची सवय काही दोन दिवसांत जात नाही. "डिझाइन नाही. दोष आहेत," ते म्हणाले, आणि ओल, फरशी, भेग, प्लग, वरचे, गुळण्या असं सगळं एका दमात सांगून टाकलं. एजंटने डोळे मिटून घेतले.

मुलगा हसला. "अहो काका, हे सगळं कुठल्या घरात नसतं? आमच्या आत्ताच्या घरात तर भिंतीतून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो. दुरुस्त करून घेऊ. तुम्ही सांगितलंत हेच खूप झालं. अशी माणसं राहिली नाहीत."

बघा, शाबासकी मिळाली! इतक्या दिवसांनी, अगदी हवी तशी. काकांची छाती फुगली, त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू दाराकडे बघत होत्या.

कारण दारात मुलाची आई आत्ता कुठे पोचली होती. एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हाताने कुणी आधार देऊ नका असं खुणावत ती दम खात उभी होती. साधारण काकूंच्याच वयाची, एखाद-दोन वर्षांनी मोठीच असेल. काकूंनी बसल्या जागेवरून शेजारची खुर्ची पुढे ढकलली. ती बसली. पाणी प्याली. मुलगा आतल्या खोलीची लांबी मोजत होता.

"ही दोघं दिवसभर कामावर," ती काकूंना म्हणाली. "घरात मी एकटीच. पण मी काही घरात बसणारी नाही हो. संध्याकाळ झाली की बाहेर पडते. आम्ही चार जणी आहोत, बागेतल्या बाकावर बसतो, गप्पा मारतो, हसतो, भांडतो, घरी येतो. एवढं मला रोज लागतं." मग तिने उंबऱ्यापलीकडच्या जिन्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. "हे जमतं का हो तुम्हाला? रोज उतरता?"

आतून मुलाचा आवाज आला, "आई, सवय होते गं! व्यायाम होईल तेवढाच."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका हातात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. एवढ्या घरात जिन्याला एकही गोल काढलेला नव्हता, हे त्यांना या क्षणी कळलं. साडूचं वाक्य, जे त्यांनी वकिली म्हणून फेकून दिलं होतं, ते आपोआप डोक्यात येऊन बसलं. दिसतं ते सांगावं लागत नाही. जिना तर दिसतोय. तिला दिसतोय, आत्ताच चढून आलीय. मुलाला दिसतोय. कोणता कायदा त्यांना काही बोलणार होता? बोलणार होता तो त्यांचा चेहरा, म्हणून त्यांनी चेहरा ट्रेकडे वळवला.

"सवय होते," नापासकाका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या आणि शाल गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. "होते सवय."

त्या बाईने मान हलवली. तिने विश्वास ठेवला. काकांनी तिच्या हातात कप दिला तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की साखर किती हेही विचारायचं राहिलं. पण त्यांनी शब्द परत घेतला नाही. घ्यायची इच्छा होती का? होती. शाल घट्ट धरलेल्या काकूंच्या हातांकडे पाहिल्यावर ती गेली.

पुढचं सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. सेक्रेटरीने भिंतींकडे न बघता ना-हरकत घरी आणून दिली. समोरच्या बाईंनी एकदम सगळी राहिलेली मासिकं दिली. निरोप द्यायला इतकी माणसं आली की काकांना गहिवरून यायला हवं होतं, पण जो तो इतका आनंदी होता की त्यांना संशय आला. वरचे तर म्हणाले, "तुमच्यासारखा शेजारी होणे नाही," आणि ते खरंच होतं.

सामान गेलं. शेवटी काकू राहिल्या. दोन हमालांनी त्यांना हाताच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला आणि उचललं. काकूंनी डोळे मिटून घेतले होते, खुर्चीचे हात घट्ट धरले होते, आणि तरीही चेहऱ्यावर जे होतं ते काकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. काका मागून उशी आणि काठी घेऊन उतरत होते आणि हमालांना "डावीकडे, डावीकडे" म्हणत होते. ते हमाल आयुष्यभर जिनेच उतरत आले होते, त्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर खालून कोणीतरी येत असल्याचा आवाज आला. एक पाऊल, मग थांबणं. एक पाऊल, मग थांबणं. त्या मुलाची आई वर येत होती. मुलगा आणि सून खाली टेम्पोपाशी होते, ही नव्या घरात आधी दूध उतू घालायचं म्हणून पुढे निघाली होती. जिना अरुंद होता. हमाल थांबले. तिने खुर्ची पाहिली, पट्टा पाहिला, काकांच्या हातातली काठी पाहिली. मग वाट द्यायला ती भिंतीला टेकून पायरीवर खाली बसली, आणि काकूंची खुर्ची तिच्या तोंडासमोरून जायला लागली.

"कधीपासून उतरला नव्हतात?" तिने विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. हमालांना थांबा म्हणाल्या. "दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माफ करा हो मला."

त्या बाईने हात पुढे करून काकूंच्या गुडघ्यावर ठेवला, जरा दाबला, जसा आपलाच गुडघा दाबावा. "जा," ती म्हणाली. "सांभाळून न्या रे त्यांना."

खुर्ची वळणावरून खाली गेली. काका मागे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं ज्याला शब्द कधी कमी पडले नाहीत त्या माणसाने तोंड उघडलं, आणि तिने मान हलवून त्यांना गप्प केलं.

"आता कशाला सांगताय?"

ती कठडा धरून उठली आणि वर निघाली. एक पाऊल, मग थांबणं. काका तिथेच उभे राहून ऐकत राहिले. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, आलात का? इथे ऊन आहे!" वरून पावलांचा आवाज अजून तिसऱ्या मजल्यावर पोचला नव्हता. काकांना वाटलं आपण काहीतरी सांगितलंच पाहिजे, काहीही, निदान एक खरी गोष्ट. त्यांनी जिन्याच्या मधल्या पोकळीतून मान वर करून, घसा फाटेल एवढ्या मोठ्याने हाक मारली.

"अहो बाई! बाथरूमचा नळ उलटा फिरतो बरं का! तेवढं सांगायचं राहिलं होतं!"